घुमटावरचे जव

शिराजच्या बाजूच्या चश्मेगज गावात सफदर उस्ताला आडनावानं कुणी ओळखत नाही. त्याचा आजा घुमटवाला, बाप घुमटवाला, आणि परवा-परवापर्यंत सफदरही घुमटवालाच. आता गाव त्याला ‘जववाला’ म्हणतं. चहाच्या टपरीवर बसलेली टवाळ मंडळी लांबनंच हाक मारतात, “या जववाले, बसा!” सफदर मुकाट्यानं ओ देतो, बसतो, दातात साखरेचा खडा धरतो आणि चहा पितो. पूर्वी हाच माणूस कुणी नुसतं ‘सफदर’ म्हटलं, कारागिराचा मान म्हणून ‘उस्ता’ लावलं नाही, तर पेला तसाच टाकून उठून जायचा.

झऱ्याच्या डोहापलीकडं पडका राजवाडा आहे. गाव त्याला नुसतं ‘कस्र’ म्हणतं. कुण्या सासानी राजानं नदीतले ओबडधोबड धोंडे आणि भाजून दळलेला पांढरा गच एवढ्यावर तो उठवला. राजा गेला, त्याची अग्निशाळा थंड झाली. मग अरब आले, मंगोल आले, खानांची माणसं आली. कुणी दारं नेली, कुणी नक्षी उचकटली. उरलंसुरलं गावानं नेलं. चश्मेगजमध्ये असं एक घर नाही की ज्याच्या पायात कस्राचा धोंडा नाही. मशिदीची पायरीसुद्धा तिथलीच.

तीन घुमटांतले दोन कधी बसले ते कुणाला ठाऊक नाही. तिसरा टिकला, तो काही राजाच्या पुण्याईनं नव्हे, मेंढरांच्या. हिवाळ्यात सगळ्या गावाची मेंढरं त्या घुमटाखाली कोंडायचे. घुमट गळला तर कोकरं गारठून मरायची. म्हणून गावानं सफदरच्या आज्याला धरलं : दर दुसऱ्या वर्षी तू वर चढायचं आणि भुशाच्या गाऱ्याचा गिलावा चढवायचा. त्या बदली घरटी एका मेंढीची लोकर. राजाबिजा कुणाच्या डोक्यातही नव्हता. आतल्या भिंती शेकोट्यांच्या धुरानं काळ्या झाल्या, खाली लेंड्यांचा गुडघाभर थर साचला, आणि वर घुमट मात्र ठणठणीत.

पुढं जुन्या वास्तूंचं सरकारी हपीस आलं. तारेचं कुंपण आलं, मेंढरं बाहेर गेली, लेंड्या खरवडून काढल्या. सफदरचा मेहुणा अमरुल्ला राखणदार झाला. शिराजहून खानम दादवर नावाच्या इंजिनीअरबाई येऊ लागल्या. त्यांनीही घुमटावर भुशाचाच गिलावा ठेवला. फक्त एक गोष्ट बदलली. आजा-बापाच्या काळी गाऱ्यात मीठ टाकायचे, म्हणजे गवत उगवत नसे. बाईंनी मीठ बंद केलं. मिठानं खालचा जुना गच पोखरला जातो, म्हणाल्या. खरंच पोखरला जात होता. त्यांनी सफदरला हात लावून दाखवलं, गच पिठासारखा बोटाला लागला.

मीठ गेलं म्हटल्यावर सगळा भार आला भुशावर. भुसा नीट उपणलेला, काडी-काडी निवडलेला हवा. त्यात दाणा नको. आणि गारा असा आंबवायचा की जवळ गेलं की नाकाला झोंबला पाहिजे. चुकून राहिलेला दाणा मग त्यात सडून मरतो. हे सफदरला बापानं कान पिळून शिकवलं होतं. त्याला ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. डोंगर करपले होते. कश्काई धनगर खाली उतरताना मेंढरं वाटेल त्या भावाला विकत होते. भुसा तर दिसेनासा झालेला. अशात हपिसानं लांबनं, चांगला सोन्यासारखा गव्हाचा भुसा आणवला आणि सफदरच्या अंगणात उतरवला. घुमटासाठी. कुंपणाच्या आत उघड्यावर वाऱ्यानं उडेल म्हणून.

सफदरच्या गोठ्यात मेंढ्या होत्या. सगळ्या गाभण. बरगड्या मोजता याव्यात अशा. त्या वासानं दिवसभर दावणीला हिसके द्यायला लागल्या.

बायको माहनिसा दारात उभी राहून म्हणाली, “आवं, तुमच्या त्या राजाला भुसा खायाचा हाय व्हय?”

“घुमटाचा हाय त्यो.”

“घुमट गाभण हाय का?”

संध्याकाळी सफदरनं एक पाटी उचलून मेंढ्यांपुढं ओतली. दुसऱ्या दिवशी दोन. मग पाट्या कोण मोजतंय. ढीग खाली बसायला लागला तसं त्यानं आपल्या खळ्यात जे उरलं होतं ते झाडून आणलं : जवाच्या मळणीचं मातेरं. माती, कुसळं, तणाचं बी, आणि चिमटीचिमटीला जवाचे दाणे. वरनं चांगल्या भुशाचा हात फिरवला. लांबनं बघणाऱ्याला ढीग तेवढाच दिसत होता.

गारा तुडवायला गुलामसखी होता. हेरातकडचा अफगाणी, कस्राच्या भिंतीला टेकून बांधलेल्या खोपटात राहायचा. पायजमा मांडीपर्यंत खोचून गाऱ्यात उतरला की तासन्‌तास तुडवायचा, बैलासारखा. तोंडानं काहीतरी गुणगुणत. कामाला चोख, बोलायला मऊ. सफदरला ‘काका’ म्हणायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं गाऱ्यातनं मूठ वर काढली आणि बोटानं चाळवली. “काका, ह्यात जव दिसताहेत.”

“दिसू देत.”

“निवडून काढू का? बसतो मी.”

“तुला निवडाया बसवलं तर गिलावा काय तुजा बाप चढवील? तुडीव.”

“मग थोडं जास्त आंबू दे, काका. वास अजून गोडच आहे.”

“उस्ता कोण हाय? तू का मी?”

गुलामसखी हसला, मान डोलावली आणि तुडवायला लागला. सफदरला घाई होती. ढीग संपायला हवा होता, बाईंची फेरी व्हायच्या आत. अर्धकच्चा गारा पाट्यांनी वर गेला. सफदरनं थापी फिरवली आणि घुमट गुळगुळीत, पिवळाधमक झाला. बाई आल्या, खालनं बघितलं, म्हणाल्या, “उस्ता, हात अजून शाबूत आहे तुमचा.” सफदरनं छातीवर हात ठेवून मान लववली. त्या क्षणी त्याला काही वाटलं नाही. हे त्याला पुढं फार लागलं : की त्या क्षणी काही वाटलं नव्हतं.

पाऊस आला तो हिवाळ्यात, आणि आला तो असा की डोह फुटतो की काय. गाव खूश. मेंढ्या व्याल्या, कोकरं टणटण उड्या मारायला लागली. आणि हिवाळा सरता सरता एका सकाळी अमरुल्ला कुंपणापासनं पळत आला.

“दाजी! वर बघा, दाजी!”

घुमट हिरवा झाला होता. दोन बोटं उंचीचा कोवळा जव, वाऱ्यावर लवत होता. एवढंच नाही. पाठीमागची भिंत ढासळून तिकडं उतार झालाय, त्या वाटेनं कुणाच्या तरी शेळ्या चढल्या होत्या आणि राजाच्या घुमटावर उभ्या राहून निवांत चरत होत्या. सासानी राजाच्या डोक्यावर बोकड.

गाव हसून हसून लोळलं. नौरोज, नव्या वर्षाचा सण, तोंडावर आलेला. घरोघर ताटलीत गहू भिजवून सणाचं हिरवं धान उगवायला ठेवलेलं. टपरीवर एकच विषय : “औंदा कस्रानंबी ताटली मांडली रं!” “ताटली कसली, परात हाय ती!”

खानम दादवर दुसऱ्या दिवशी पोचल्या. त्या हसल्या नाहीत. वर चढून गुडघ्यावर बसल्या, एक रोप हलकेच वर ओढलं. मुळासकट गिलाव्याची खपली निघून आली आणि खाली जुना गच ओला लागला. आत दालनात छताच्या कडेनं पाण्याचा डाग उतरला होता. कोपऱ्यातल्या जुन्या नक्षीचा हातभर तुकडा फुगून सुटला होता, खाली पडायच्या बेतात. इतकी शतकं न पडलेला.

खाली उतरल्यावर बाईंनी हात झटकले. समोर सफदर, अमरुल्ला, गुलामसखी.

“भुसा कोणी निवडला होता?”

डोहात बेडूक तेवढे ओरडत होते. सफदर मनात म्हणाला, बोललं तर घुमट गेला. आज्यापासनं चालत आलेलं नाव गेलं. परत वर पाय ठेवायला मिळणार नाही. तो आपल्या हातातल्या थापीकडं बघत राहिला.

अमरुल्ला पुढं झाला. “गारा तर ह्या अफगाण्यानं तुडवला, खानम. दाजी वर होतं. खाली ह्यानं काय कालवलं, काय बघितलं, वरच्या माणसाला काय कळणार?”

बाईंनी गुलामसखीकडं बघितलं. “तुम्ही कालवलात?”

गुलामसखीनं एकदा सफदरकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. तो वाट बघत होता, एवढंच. उस्ता बोलेल म्हणून, थोडा वेळ. मग त्यानं नजर काढून घेतली.

“मीच तुडवला, खानम.”

“दाणे दिसले नाहीत?”

“दिसले होते.”

“मग?”

“मग तुडवला.” राहायचे कागद नसलेला परका माणूस, आणखी बोलून करतो काय.

बाईंनी त्याला त्याच दिवशी कामावरनं काढलं. रागानं नाही, थकून म्हणाल्या, “मला इथं डोळे उघडे असलेली माणसं हवीत.” आणि सफदरकडं वळून : “उस्ता, सणाचे पहिले चार दिवस जाऊ देत. मग हे सगळं कापून काढा. ओढायचं नाही, मुळाशी कापायचं.” सफदरनं छातीवर हात ठेवला.

जाताना गुलामसखी घरी आला. सफदरची दुसरी थापी त्याच्याकडं राहिली होती, ती घासून, तेल लावून आणली होती. माहनिसानं त्याला तव्यावरची पातळ भाकर आणि चीज बांधून दिलं. नव्या दुधाचं, मेंढ्यांचं. तिलाही त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नव्हता. उगाच गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती.

गुलामसखी गोठ्यापाशी थांबला. एका मेंढीच्या पाठीवरनं हात फिरवला, बोटं लोकरीत रुतवून. “छान पोसल्यात, काका.”

तेवढंच बोलला आणि गेला. टोमणा होता का नुसतं मेंढीचं कौतुक, हे सफदरला आजतागायत उमगलेलं नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

नौरोजाच्या दिवसांत लोक एकमेकांच्या घरी जातात, गळ्यात पडतात, सुकामेवा खातात. सफदरच्या घरी जो येई तो त्याची कीव करी. ते सगळ्यात वाईट. टवाळी त्यानं सोसली असती.

“उस्ता, आज्या-बापाचं नाव त्या परक्यानं मातीत घातलं बघ.”

“ह्या लोकांवर भार टाकायचाच न्हाई.”

“तुजा काय दोष? तू वर व्हतास.”

सफदर बदाम चघळत बसे. बदामाला चव नाही. समोर माहनिसाची ताटली, लाल फीत बांधलेलं हिरवंगार धान. त्याला ते बघवेना. त्यानं ताटली उचलून माठामागं ठेवली. माहनिसानं परत पुढं आणली.

“पावणं काय म्हणत्याल?”

“तूच म्हणालीस, राजा काय भुसा खातोय काय,” तो फिसकारला.

माहनिसानं त्याच्याकडं बघितलं. “म्हणाली. पाट्या कुणी उचलल्या? मी म्हणाली, तुमी उचलल्या. आता माज्या पदराखाली लपू नगासा.”

तो उठून बाहेर गेला. जायला जागा नव्हती, म्हणून गोठ्यात गेला. तिथं कोकरं होती. तिथनंही बाहेर आला.

सणाचा तेरावा दिवस घरात काढत नाहीत, अशुभ असतं. सगळं गाव डोहाकाठच्या हिरवळीवर येतं. चटया पडतात, मांस भाजतात, भाजीची घट्ट आमटी उकळते, ताटलीतलं धान वाहत्या पाण्यात सोडतात. शिराजचीही गर्दी. कस्रात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून लक्ष ठेवायला खानम दादवर स्वतः आल्या होत्या. घुमट मात्र सफदरनं अजून कापला नव्हता. आज करू, उद्या करू. बाईंनी सकाळीच विचारलं, “उस्ता, हे अजून उभंच?” त्यानं विळा उचलला आणि सगळ्या गावासमोर वर चढला.

वर तो एकटा. जव आता वीतभर झाला होता, काही ठिकाणी पोटरीला आलेला. इतका चांगला जव त्याच्या स्वतःच्या शेतात कधी आला नव्हता. तो गुडघ्यावर बसून मुळाशी कापत सुटला. खालनं पोरींनी बघितलं. त्या दिवशी लग्नाच्या मुली गवताला गाठी मारतात, मनातली गोष्ट मागून.

“उस्ता! आमाला टाका की दोन मुठी! राजाच्या शेतातला जव हाय, लवकर नवरा घावंल!”

“तुला राजा पायजे का बोकड, ते आदी सांग!” दुसरी ओरडली आणि सगळी हिरवळ हसली.

सफदरनं एक पेंढी खाली टाकली. पोरींनी झोंबाझोंबी करून घेतली.

घुमटाच्या माथ्याला माणसाचं डोकं जाईल एवढं गोल भोक आहे; पावसात ते फरशीनं झाकतात. तिथं वर कुजबुजलं तरी खाली दालनात ढोल घुमल्यासारखं घुमतं, आणि खालचं वर जसंच्या तसं येतं. बापाच्या काळापासनं गारा, पाणी, थापी त्या भोकातनंच मागायचे. कापत कापत सफदर त्या भोकापाशी आला आणि खालनं अमरुल्लाचा आवाज आला. तो शिराजच्या पाहुण्यांना कस्र दाखवत होता, रोजच्यासारखा, चार पैसे खुशीचे मिळतील म्हणून.

“बगा सायेब, ह्या घुमटाला अरबांनी हलवलं न्हाई. मंगोलांनी हलवलं न्हाई. भूकंप झालं, हाय तसा उभा. आन एका अफगाण्याच्या दोन पायांनी ह्यो डाग पाडला!”

पाहुणे हसले. हसू घुमटाला धडकून वर आलं, सफदरच्या तोंडावर. एवढं मोठं हसू. त्यात बायका, पोरं, सगळी.

त्याच्या हातातनं विळा सुटला. तो भोकाशी आडवा झाला आणि त्यानं तोंड आत घातलं.

“अमरुल्ला, खोटं नगं सांगूस.”

खाली सगळ्या माना वर झाल्या. उजेडाच्या गोळ्यात एक काळं डोकं.

“दाजी? काय झालं?”

“ते मातेरं माजं हाय. माज्या खळ्यातलं. चांगला भुसा माज्या मेंढरांनी खाल्ला. गुलामसखी म्हणला व्हता, निवडतो. मी म्हणलो, तुडीव.”

घुमटानं ते धरलं आणि फिरवलं. ‘तुडीव’ हा शब्द जरा वेळ तिथंच राहिला. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला.

“दाजी, ऊन लागलंय तुमाला,” अमरुल्ला हळूच म्हणाला, पण तेही वर आलं. “उतरा खाली. सणाचा दिस हाय.”

खानम दादवर दालनाच्या दारातच होत्या. त्यांनी वर बघून एवढंच म्हटलं, “आधी कापणी पुरी करा. मग या.”

त्यानं पुरी केली. तोवर बातमी हिरवळीवर पोचली होती. उताराच्या वाटेनं तो खाली आला तेव्हा चटयांवरची बोलणी तो जवळ येईल तशी थांबत गेली आणि तो पुढं गेला की मागं पुन्हा सुरू झाली. कुणी शाबास म्हटलं नाही. कीव करायला आलेल्यांना आता आपलीच लाज वाटत होती, आणि त्याचा राग ते त्याच्यावरच काढणार होते. माहनिसा आमटी ढवळत होती. तिनं मान वर केली नाही.

बाईंनी विचारलं, “त्या दिवशी का नाही बोललात? तो समोर उभा होता.”

“परत वर चढाया मिळालं नसतं.”

“आणि आता मिळेल असं वाटतं?”

सफदरनं मान हलवली. न्हाई.

“नाही मिळणार,” बाई म्हणाल्या.

गुलामसखीचा शोध त्यांनी लावला. कुणाचा तरी कुणीतरी, असं करत करत. तो दक्षिणेला बंदराच्या बाजूला एका उंच इमारतीवर सिमेंट ओढत होता. बाईंनी फोनवर माफी मागितली, परत या म्हटलं. तो म्हणाला, इथं बरं आहे, खानम, इथं भुसा नाही. मग म्हणाला, काकांना माझा सलाम सांगा.

बाईंनी तो सलाम जसाच्या तसा पोचवला. सफदरनं छातीवर हात न्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिला.

त्या शरदात यज्दकडनं नवा उस्ता आला. तरुण, अबोल, हात बरा. त्याला गारा करून द्यायला माणूस हवा होता. गावातनं कुणी तयार होईना. ते काम अफगाण्यांचं. सफदर गेला आणि कुंपणापाशी उभा राहिला. बाईंनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “खाली. वर पाय नाही ठेवायचा.”

आता तो पायजमा मांडीपर्यंत खोचून तुडवतो. पायाच्या शिरा तटतटून निघतात, संध्याकाळी माहनिसा न बोलता गरम पाणी आणून ठेवते. येणारेजाणारे कुंपणाला टेकून विचारतात, “काय जववाले, पेरणी झाली का?” अमरुल्लाही हल्ली टोचतो, “दाजी, वर बगू नगासा, मान लचकंल.” वरनं नवा उस्ता भोकातनं हाक देतो, “गारा!” आणि सफदर पाटी भरून दोराला अडकवतो.

तुडवायच्या आधी तो निवडायला बसतो. पोतं अंथरून, मांडी घालून, चिमूट-चिमूट. हा भुसा स्वच्छ आहे, बाईंनी स्वतः बघून आणलाय, तरी बसतो. काल एक दाणा सापडला. जवाचा, टपोरा. त्यानं तो दातांखाली धरून फोडला, बाजूला थुंकला, आणि पुन्हा भुशात हात घातला.